चूक कचेरीची, कपात पेन्शनची

पत्र एका पानाचं असतं. वर जावक क्रमांक, त्याखाली संदर्भ म्हणून तीन-चार शासन निर्णय आणि मग एक लांबलचक वाक्य. आपल्या सेवापुस्तकाची पडताळणी केली असता अमुक तारखेपासून अनुज्ञेय नसलेली वेतनवाढ आपणास मंजूर झाल्याचे निदर्शनास आले आहे, सबब झालेल्या अतिप्रदानाचा भरणा चलनाने शासनखाती करावा, अन्यथा सदर रक्कम आपल्या उपदानातून वसूल करण्यात येईल. रक्कम आकड्यांत आणि अक्षरांतही. ती कशी काढली, याचा तक्ता सोबत असेलच असं नाही.

अशी पत्रं महाराष्ट्रात शिक्षकांना येतात, ग्रामसेवकांना येतात, तलाठी, परिचारिका, पोलीस शिपाई, लिपिक आणि कार्यालयातल्या शिपायांनाही येतात. कुणाला निवृत्तीच्या चार महिने आधी, कुणाला निवृत्तीच्या दिवशी, तर कुणाला निवृत्तीनंतर आठ-दहा वर्षांनी. पेन्शनरांच्या संघटनांच्या बैठकीत या विषयाला तोंड फुटलं की एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी विचारला जातो: "पगार काय मी माझ्या हातानं लिहून घेतला होता?"

प्रश्न रास्त आहे. सरकारी नोकर स्वतःचा पगार ठरवत नाही. वेतननिश्चिती आस्थापना शाखा करते, आदेशावर कार्यालयप्रमुख सही करतो, देयक कोषागारात तपासलं जातं. इतक्या हातांतून गेलेली चूक शेवटी ज्याच्या खात्यातून भरून काढायची, तो या साखळीत कुठेच नसतो.

चूक होते कुठे?

बहुतेक चुका तीन-चार ठरावीक वळणांवर होतात. पहिलं वळण वेतन आयोगाचं. पाचव्या, सहाव्या आणि सातव्या आयोगाच्या शिफारशींनुसार राज्याने अनुक्रमे १९९८, २००९ आणि २०१९ चे सुधारित वेतन नियम काढले. प्रत्येक वेळी लाखो कर्मचाऱ्यांचा पगार जुन्या श्रेणीतून नव्या श्रेणीत बसवावा लागला. विकल्प कोणत्या तारखेचा, वेतनवाढ आधी धरायची की नंतर, यात एका टप्प्याची गफलत झाली की ती पुढच्या प्रत्येक वेतनवाढीत मुरत जाते.

दुसरं वळण पदोन्नतीविना मिळणाऱ्या वरिष्ठ वेतनश्रेणीचं. एकाच पदावर कुजणाऱ्या कर्मचाऱ्याला बारा वर्षांनी वरची श्रेणी द्यावी, म्हणून १९९५ मध्ये कालबद्ध पदोन्नती योजना आली. २००१ मध्ये तिच्या जागी सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजना आली, आणि सातव्या आयोगानंतर दहा, वीस आणि तीस वर्षांच्या टप्प्यांची योजना आली. योजना चांगली, पण अटी बारीक. नियमित पदोन्नती नाकारली की लाभ जातो. मधल्या काळातली एखादी सेवा धरायची की नाही, यावर बारा वर्षं पूर्ण होण्याची तारीख सरकते. कार्यालय एक तारीख धरतं, पंधरा वर्षांनी तपासणारा दुसरी.

तिसरं वळण आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागातल्या नोकरीचं. गडचिरोली, मेळघाट, नंदुरबारच्या दुर्गम भागात काम करायला माणसं तयार व्हावीत, म्हणून ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयाने तिथल्या कर्मचाऱ्यांना एक स्तर वरची वेतनश्रेणी दिली. लोक तिला नुसतं 'एकस्तर' म्हणतात. हा लाभ त्या क्षेत्रात असेपर्यंतच मिळतो. बदली झाल्यावर तो कधी काढायचा, आश्वासित प्रगती योजनेचा लाभ मिळाल्यावर दोन्ही कसे जुळवायचे, यावरून वर्षानुवर्षं घोळ झाले. ज्यांनी पायी नदी-नाले ओलांडून शाळा चालवल्या, त्यांनाच पुढे त्या जादा श्रेणीची वसुली लागली.

आणि चौथं वळण संगणकाचं. सरकारी कर्मचाऱ्यांनी एमएस-सीआयटी ही परीक्षा ३१ डिसेंबर २००७ पर्यंत उत्तीर्ण व्हावी, नाहीतर वेतनवाढी रोखाव्यात, असा नियम झाला. अनेक कार्यालयांनी वेतनवाढी चालूच ठेवल्या. काहींनी परीक्षा उशिरा दिली, काहींनी दिलीच नाही. पुढे सेवापुस्तक उघडलं, तेव्हा त्या साऱ्या वेतनवाढी एकदम वसुलीच्या यादीत आल्या.

रक्कम फुगते कशी, तेही पाहू. उदाहरणादाखल धरा की मूळ वेतन दरमहा १,५०० रुपयांनी जास्त बसलं. महागाई भत्ता सरासरी २५ टक्के धरला, तर महिन्याला १,८७५ रुपये जादा गेले. वर्षाचे २२,५०० झाले, दहा वर्षांचे सव्वादोन लाख. घरभाडं आणि मधल्या वाढी यात अजून मिळवलेल्या नाहीत. दरमहा कुणाच्या लक्षातही न येणारी रक्कम निवृत्तीच्या वेळी उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, मोठा लचका तोडते. शिवाय ती रक्कम मिळाली, तेव्हा तिच्यावर आयकर कापला गेला होता. वसुलीच्या पत्रात मात्र ती पुरती मागितली जाते.

शेवटच्या दारातली तपासणी

या चुका वेळीच का सापडत नाहीत? कारण त्या शोधणारी यंत्रणा बहुतेक वेळा शेवटी जागी होते. वेतननिश्चितीची तपासणी करायला लेखा व कोषागारे संचालनालयाची वेतन पडताळणी पथकं आहेत. खासगी अनुदानित शाळांसाठी शिक्षण खात्याचे लेखाधिकारी आहेत. प्रत्येक वेतन सुधारणेनंतर सेवापुस्तक पथकाकडे जावं, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात ते कपाटात राहतं. माणूस निवृत्तीला आला, पेन्शन प्रकरण मुंबईच्या किंवा नागपूरच्या महालेखापालांकडे पाठवायची वेळ आली, की मग धावपळ करून पुस्तक पथकाकडे जातं आणि वीस वर्षांपूर्वीच्या नोंदीवर लाल शेरा पडतो.

महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ सांगतात की पेन्शन प्रकरणाची तयारी निवृत्तीच्या दोन वर्षं आधी सुरू व्हावी. तो नियम पाळला, तरी पंचवीस वर्षं जुनी चूक दोनच वर्षं आधी सापडते. न पाळला, तर ती ना-देय प्रमाणपत्राच्या रांगेत सापडते. तेव्हा कर्मचाऱ्याची अवस्था सगळ्यात अडचणीची असते. पगार थांबलेला, पेन्शन सुरू झालेली नाही, उपदानाच्या पैशांवर घराचं कर्ज किंवा मुलीचं लग्न ठरलेलं. त्याच वेळी टेबलावरून कागद पुढे सरकतो: "एवढी संमती लिहून द्या, म्हणजे प्रकरण पुढे पाठवतो." माणूस सही करतो. पुढे तीच सही त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून दाखल होते.

न्यायालयाने आखलेली रेषा

या विषयावर सर्वोच्च न्यायालयाने बराच काळ दोन सुरांत बोलून पाहिलं. १९९४-९५ पासूनच्या काही निकालांत न्यायालयाने म्हटलं, की चूक कर्मचाऱ्याची नसेल आणि त्याने काही लपवलं नसेल, तर जादा दिलेला पगार परत घेऊ नये. बिहारच्या शिक्षकांच्या प्रकरणात डिसेंबर २००८ मध्ये तीन न्यायमूर्तींनी त्यामागचं तत्त्व स्पष्ट केलं. जादा पैसे ठेवून घेण्याचा कर्मचाऱ्याला हक्क आहे म्हणून ही सवलत नाही. वसुलीने त्याच्यावर जो आघात होईल, तो टाळण्यासाठी न्यायबुद्धीने दिलेली ती सवलत आहे. त्याला चूक ठाऊक होती किंवा ती लगेच उघडकीला आली, तर सवलत मिळणार नाही.

२०१२ मध्ये उत्तराखंडच्या शिक्षकांच्या, चंदी प्रसाद उनियाल यांच्या प्रकरणात सूर बदलला. हा करदात्यांचा पैसा आहे. तो देणाऱ्या अधिकाऱ्याचाही नाही आणि घेणाऱ्याचाही नाही, म्हणून जादा गेलेला परत आलाच पाहिजे, असं न्यायालय म्हणालं. या म्हणण्यातही तथ्य आहे. सरकारी तिजोरी कुणाच्या बापाची नाही, हे आपण एरवी मोठ्या आवाजात सांगतो. आपल्या खात्यात चुकून आलेल्या पैशांच्या वेळी तो नियम विसरता येत नाही.

या दोन सुरांतून वाट काढली ती १८ डिसेंबर २०१४ च्या निकालाने. पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह. खटल्याच्या शीर्षकातच कंसात 'व्हाईट वॉशर', म्हणजे सफेदी करणारा, असं लिहिलेलं आहे. न्यायमूर्ती जगदीशसिंह केहर आणि अरुण मिश्रा यांनी पाच परिस्थिती सांगितल्या, ज्यांत वसुली करता येणार नाही. एक, वर्ग तीन आणि चारचे, म्हणजे गट क आणि गट डचे कर्मचारी. दोन, निवृत्त झालेले किंवा वसुलीच्या आदेशापासून वर्षभरात निवृत्त होणारे. तीन, वसुलीचा आदेश निघण्याआधी पाच वर्षांहून अधिक काळ जादा रक्कम दिली गेली असेल ती प्रकरणं. चार, ज्यांच्याकडून वरच्या पदाचं काम चुकीने करून घेतलं आणि त्याचा पगार दिला, ते. आणि पाच, वसुली इतकी जाचक ठरेल की मालकाच्या हक्कापेक्षा नोकरावरचा अन्याय जड होईल, अशी इतर प्रकरणं.

केंद्र सरकारच्या कार्मिक विभागाने २ मार्च २०१६ ला हा निकाल आपल्या सगळ्या खात्यांना लागू केला. तरीही माणसं न्यायालयात जातच राहिली. केरळातले थॉमस डॅनियल हे शिक्षक १९९९ मध्ये मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. चुकीने दिलेल्या वेतनवाढींची वसुली त्यांच्यावर लावली गेली. उच्च न्यायालयात हरले. सर्वोच्च न्यायालयाने ती वसुली रद्द केली २ मे २०२२ ला, निवृत्तीनंतर तेवीस वर्षांनी. बिहारच्या पुरवठा खात्यातला एक अधिकारी २००१ मध्ये निवृत्त झाला, वसुलीचा आदेश २००९ मध्ये निघाला आणि न्याय मिळाला २०२४ मध्ये. एप्रिल २०२५ मध्ये तर ओडिशातल्या कटकच्या जिल्हा न्यायालयातील निवृत्त लघुलेखकांना सर्वोच्च न्यायालयाने दिलासा दिला. त्यांच्यावरचा वसुलीचा आदेश त्यांना बाजू मांडायची संधी न देता काढला होता. न्यायालयाच्याच नोकरांना न्यायासाठी दिल्लीपर्यंत जावं लागलं.

वचनपत्राचा फास

एवढं स्पष्ट असताना कार्यालयं वसुली करतात कशाच्या आधारावर? उत्तर वचनपत्रात आहे. सुधारित वेतन घेताना प्रत्येक कर्मचाऱ्याकडून एक नमुना भरून घेतला जातो: वेतननिश्चिती चुकल्याने जादा रक्कम मिळाली, तर मी ती परत करीन. सातव्या आयोगाच्या वेळी हा कागद देशभर लाखो लोकांनी सही करून दिला. २९ जुलै २०१६ ला पंजाब-हरियाणा उच्च न्यायालय विरुद्ध जगदेव सिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की असं वचन देऊन वेतन घेतलेल्या अधिकाऱ्याला निवृत्तीचं कवच मिळणार नाही. जगदेव सिंग न्यायिक अधिकारी होते. वसुली दोन वर्षांच्या हप्त्यांत करा, एवढी सूट न्यायालयाने दिली.

तेव्हापासून प्रत्येक खात्याच्या उत्तरात जगदेव सिंगांचं नाव असतं. मात्र या निकालाची कक्षा पाहायला हवी. तिथे वचन वेतन सुधारणेच्या वेळीच दिलेलं होतं आणि देणारा अधिकारी वर्गातला होता. निवृत्तीच्या आठवड्यात, पेन्शन अडेल या भीतीपोटी घेतलेली संमती आणि वेतन घेताना डोळसपणे दिलेलं वचन यांचं वजन सारखं नाही. गट क आणि डच्या अनेक कर्मचाऱ्यांनी हा फरक न्यायाधिकरणांपुढे आणि उच्च न्यायालयांपुढे मांडून वसुली थांबवली आहे. म्हणून वसुलीचं पत्र आलं की आधी शोधायचं ते वचनपत्र. ते कधी दिलं, कशासाठी दिलं, आणि ज्या चुकीची वसुली चालली आहे, त्या चुकीशी त्याचा संबंध आहे का? २०१९ च्या वचनपत्रावर २००१ च्या आश्वासित प्रगतीची वसुली टांगता येत नाही.

आणखी एक कटू गोष्ट निवृत्तांनी समजून घ्यायला हवी. मागची वसुली थांबली, तरी पुढची दुरुस्ती थांबतेच असं नाही. वेतननिश्चिती खरोखर चुकली असेल, तर पेन्शन योग्य वेतनावर नव्याने ठरवण्याची मुभा न्यायालयं सरकारला देतात. 'आधी मिळत होतं तेवढंच मिळालं पाहिजे' असा हट्ट धरला, तर जिंकता येणारी लढाईही हातची जाते.

बँकेतली काकू

वसुलीचा दुसरा मोठा प्रकार पतीच्या माघारी पेन्शन घेणाऱ्या स्त्रियांच्या वाट्याला येतो. निवृत्त कर्मचारी वारला की पत्नीला काही काळ वाढीव दराने कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. महाराष्ट्राच्या नियमांत हा काळ सात वर्षांचा किंवा मृत पती पासष्ट वर्षांचा झाला असता त्या तारखेपर्यंतचा, यांपैकी जो आधी संपेल तो. त्यानंतर दर उतरतो, साधारण पन्नास टक्क्यांवरून तीस टक्क्यांवर. ही तारीख पेन्शनच्या आदेशावर छापलेली असते. पण ती पाहून दर उतरवण्याचं काम पेन्शन देणाऱ्या यंत्रणेचं असतं, आणि ते कधीकधी वर्षानुवर्षं होत नाही. मग एके दिवशी पासबुकात पेन्शन निम्मी दिसते आणि विचारायला गेल्यावर काउंटरवरून उत्तर मिळतं, "काकू, तुम्हाला जास्त गेले होते, ते आता कापतोय." पेन्शनचा अंशराशीकरण केलेला, म्हणजे आधीच एकरकमी घेतलेला, भाग कापायचा राहून गेला, तरी असंच होतं.

या प्रकारात रिझर्व्ह बँकेची सूचना उपयोगी आहे. २१ जानेवारी २०२१ च्या परिपत्रकात तिने बँकांना सांगितलं की वसुलीची पद्धत पेन्शन मंजूर करणाऱ्या प्राधिकाऱ्याला विचारून ठरवावी. आणि चूक बँकेची असेल, तर पेन्शनरकडून वसुली होण्याची वाट न पाहता बँकेने ती रक्कम सरकारकडे एकरकमी जमा करावी. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑगस्ट २०२० मध्ये भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेल्या एका वृद्ध पेन्शनरच्या प्रकरणात बँकेला खडसावलं. पेन्शन नव्याने ठरवण्याचा अधिकार बँकेला नाही, असं म्हणत कापलेली रक्कम परत करायला लावली.

मात्र फसवणूक आणि चूक यांची गल्लत होता कामा नये. पेन्शनर वारल्यावर महिनोन् महिने एटीएममधून पैसे काढत राहणं, उत्पन्न किंवा वय खोटं सांगणं, एकाच पदासाठी दोन ठिकाणी पेन्शन घेणं, यांना कोणतंही न्यायालय सवलत देत नाही. घरात मृत्यू झाला की हयातीच्या दाखल्याचा नोव्हेंबर येण्याची वाट न पाहता कोषागाराला आणि बँकेला लेखी कळवावं.

पत्र आल्यावर

राज्याच्या १९८२ च्या नियमांतला १३४-अ हा नियम सरकारला पेन्शनमधून जादा रक्कम वसूल करण्याचा अधिकार देतो. पण त्याच नियमात दोन अटी आहेत. वसुली का करू नये, हे सांगण्याची वाजवी संधी पेन्शनरला दिली पाहिजे. आणि हप्ते असे पाडले पाहिजेत की पेन्शन शासनाने ठरवलेल्या किमान रकमेखाली जाणार नाही. नोटीस न देता थेट कपात झाली, तर पहिला मुद्दा तोच.

उत्तर लेखीच द्यावं आणि दिलेल्या मुदतीत द्यावं. त्यात आधी हिशेब मागावा: कोणत्या तारखेपासून, कोणत्या शासन निर्णयानुसार, महिनावार किती. सेवापुस्तकाच्या प्रती, वेतननिश्चितीचे आदेश, पडताळणी पथकाचा आक्षेप आणि आपलं वचनपत्र हे सारं माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागता येतं. मग रफिक मसीहमधली आपल्याला लागू पडणारी परिस्थिती नाव घेऊन लिहावी: माझं पद गट कचं आहे, मी अमुक तारखेला निवृत्त झालो, पैसे आदेशाच्या पाच वर्षांहून आधीपासून दिले गेले. कागद आवक शाखेत देऊन शिक्का मारलेली पोच घ्यावी. तोंडी आश्वासनाला पुढे कुणी विचारत नाही.

दाद कुठे मागायची, हे नोकरीवर अवलंबून आहे. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. त्याची खंडपीठं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. तिथे साधारण एका वर्षात जावं लागतं, म्हणून निवेदनं देत बसण्यात मुदत घालवू नये. जिल्हा परिषदेचे कर्मचारी आणि शिक्षक न्यायाधिकरणात जाऊ शकत नाहीत. त्यांना उच्च न्यायालयाची वाट आहे. वकिलाची फी परवडत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरण आहे, आणि १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता मोफत कायदेशीर मदत मिळते. पेन्शनधारक विधवांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असतं. वाद चालू असतानाही तात्पुरती पेन्शन मिळू शकते, आणि उपदान किंवा पेन्शन कार्यालयाच्या दिरंगाईने लांबली तर १२९-अ आणि १२९-ब या नियमांखाली व्याज मागता येतं.

हिशेब फक्त एकाच बाजूचा का?

सर्वोच्च न्यायालयाने नाकारा यांच्या पेन्शनविषयक प्रकरणात १७ डिसेंबर १९८२ ला सांगितलं की पेन्शन ही सरकारची कृपा नाही, केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे. देशभरचे पेन्शनर आजही १७ डिसेंबरला पेन्शनर दिन पाळतात. सावकाराला पेन्शनवर जप्ती आणता येत नाही. १८७१ च्या पेन्शन कायद्यापासून हे संरक्षण आहे. ज्या पैशाला सावकाराने हात लावायचा नाही, त्याला सरकारने सहज हात घालावा, हे पटणारं नाही.

वसुलीच्या प्रत्येक पत्रात एक रकाना नेहमी रिकामा असतो: चूक कुणी केली? आदेशावर कुणाची सही होती, देयक कुणी पारित केलं, पडताळणी वीस वर्षं का झाली नाही? केंद्राच्या कार्मिक विभागाने ६ फेब्रुवारी २०१४ च्या परिपत्रकात जबाबदार व्यक्तींची भूमिका तपासायला सांगितलं होतं. व्यवहारात जबाबदार अधिकारी स्वतःही निवृत्त झालेला असतो, आणि त्याचं सेवापुस्तक तपासणाऱ्याला त्याच्या हातून झालेल्या चुका शोधायच्या नसतात. करदात्यांचा पैसा वाचवायचा असेल, तर तो चूक झाल्याच्या पहिल्या वर्षीच वाचवला पाहिजे. तेव्हा ती काही हजारांची असते आणि कर्मचारीही तक्रार न करता भरतो.

त्यासाठी नवा कायदा लागत नाही. प्रत्येक वेतननिश्चितीनंतर ठरावीक मुदतीत पडताळणी व्हावी, आणि त्या मुदतीनंतर सापडलेल्या चुकीची वसुली गट क-डच्या कर्मचाऱ्यांकडून किंवा निवृत्तांकडून होणार नाही, असं राज्याने एका शासन निर्णयाने स्पष्ट लिहावं. न्यायालयांनी जे पुन्हा पुन्हा सांगितलं, तेच सरकारने एकदा स्वतःहून सांगितलं, तर हजारो माणसांचे खेटे वाचतील आणि सरकारी वकिलांचाही खर्च वाचेल.

तोवर काळजी ज्याची त्यानेच घ्यायची आहे. नोकरीत असाल, तर वर्षातून एकदा सेवापुस्तक मागून पाहा, वेतननिश्चितीच्या पानावर पडताळणीचा शिक्का आहे का ते बघा आणि त्याची प्रत घरी ठेवा. निवृत्त असाल आणि पत्र आलंच, तर घाबरून चलन भरू नका आणि रागावून पत्र फाडूही नका. हिशेब मागा, तो हाती येईपर्यंत संमतीवर सही करू नका, आणि उत्तराची पोच जपून ठेवा.